सेप्टिक टँकमधलं नायट्रेट विहिरीत किती उतरतं? कागद-पेन्सिलीने करता येणारा हिशेब

टाकी तुंबत नाही, वास येत नाही, शोषखड्ड्याभोवती ओल दिसत नाही, म्हणजे आपला सेप्टिक टँक उत्तम चालला आहे आणि विहिरीला धोका नाही, असं बहुतेकांना वाटतं. जंतूंपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण नायट्रेटचा, म्हणजे नायट्रोजन आणि प्राणवायू यांच्या पाण्यात विरघळणाऱ्या संयुगाचा, न्याय वेगळा आहे. शोषखड्ड्याखालची माती जितकी मोकळी, हवेशीर आणि पाणी चांगलं जिरवणारी, तितकं तिथं नायट्रेट जास्त तयार होतं. चांगला चाललेला सेप्टिक टँक हाच नायट्रेटचा खात्रीचा स्रोत असतो. हे एकदा ध्यानात आलं की पुढचा सगळा हिशेब सोपा होतो.

सुरुवात आपल्या शरीरापासून करू. प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. प्रौढ माणूस जेवढा नायट्रोजन खातो, जवळजवळ तेवढाच बाहेर टाकतो, आणि त्यातला बहुतेक भाग लघवीतून जातो. घरच्या सांडपाण्यात माणशी रोजचा सुमारे १२ ग्रॅम नायट्रोजन धरतात. म्हणजे वर्षाला माणशी चार-साडेचार किलो.

हा नायट्रोजन टाकीत शिरतो तेव्हा तिथं प्राणवायू नसतो. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे जातं. टाकीचं काम इथं संपलं. नायट्रोजनचा थोडासाच भाग गाळात अडकतो. बाकीचा पाण्यात विरघळलेला असतो, मुख्यतः अमोनिअमच्या रूपात, आणि पाण्याबरोबर बाहेर पडतो. टाकी वेळेवर उपसणं आवश्यक आहे, पण त्याने नायट्रोजन फारसा कमी होत नाही.

खरी उलथापालथ शोषखड्ड्याखालच्या कोरड्या मातीत होते. तिथं मातीच्या कणांमध्ये हवा असते, आणि हवेच्या साहाय्याने अमोनिअमचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात. हे काम जिवाणूंचंच आहे, हे १८७७ साली श्लोसिंग आणि म्यून्त्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि ते ज्या प्रयोगाने दाखवलं तो म्हणजे जणू काचेच्या नळीत बसवलेला शोषखड्डाच होता. वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून त्यांनी सांडपाणी हळूहळू झिरपवलं. सुरुवातीला सुमारे वीस दिवस वरून ओतलेला अमोनिया खाली तसाच येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तशी ही क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावर बागेतल्या मातीचं थोडं पाणी वरून घातलं आणि ती पुन्हा सुरू झाली. आज प्रत्येक शोषखड्ड्याखाली हेच घडत असतं.

अमोनिअमवर धन विद्युतभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे माती त्याला काही काळ धरून ठेवते. नायट्रेटवर ऋण भार असतो. माती त्याला धरत नाही. ते पाण्याच्याच वेगाने खाली उतरतं आणि भूजलाला मिळतं. वाटेत त्याला अडवणारी एकच मोठी गोष्ट आहे: प्राणवायू नसलेली आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली जागा. तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू हवेत सोडतात. दलदल, काळा सेंद्रिय गाळ, ओढ्याकाठची ओली माती या ठिकाणी हे जोरात चालतं. भरड वाळूत जवळजवळ नाहीच. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या भूजलात नायट्रेट कित्येक वर्षं तसंच टिकून राहतं.

आता हिशेबाआधी एक सावधगिरी, कारण इथं शिकलेली माणसंही चुकतात. नायट्रेट मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. काही अहवाल अख्ख्या नायट्रेटचं वजन देतात, काही फक्त त्यातल्या नायट्रोजनचं. नायट्रेटच्या ६२ भागांत नायट्रोजन १४ भाग असतो, म्हणून दोन आकड्यांत ४.४३ पट फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे आणि भारतीय मानकाची ४५. हे दोन्ही आकडे अख्ख्या नायट्रेटचे आहेत. अमेरिकेची मर्यादा १० आहे, पण ती नायट्रोजनच्या वजनात. १० ला ४.४३ ने गुणलं की ४४ च्या वर येतो, म्हणजे तिन्ही मर्यादा जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. ‘नायट्रेट ११’ असं अहवालात वाचून कुणी निर्धास्त होतो, कुणी घाबरतो. एकक पाहिल्याशिवाय दोघांपैकी बरोबर कोण ते सांगता येत नाही. पुढचे सगळे आकडे मी नायट्रोजनच्या वजनात देतो, म्हणजे ओलांडायची नाही ती रेषा १० मिलिग्रॅमची.

ही रेषा आली कुठून? १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी निळसर पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद प्रसिद्ध केली. बाळांचं दूध ज्या विहिरींच्या पाण्यात कालवलं जाई, त्यांत नायट्रेट फार होतं. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. सहा महिन्यांखालच्या, बाटलीच्या दुधावरच्या बाळांना हा धोका सर्वांत जास्त. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायलाच हवी: पाणी उकळून नायट्रेट जात नाही. वाफ उडून जाते, नायट्रेट भांड्यातच राहतं, त्यामुळे उकळलेल्या पाण्यात ते उलट थोडं वाढतं. साध्या गाळणीने किंवा क्लोरीनच्या थेंबांनीही ते जात नाही. आरओ, आयन-विनिमय किंवा ऊर्ध्वपातन यांनीच ते कमी होतं.

आता हिशेब. याचं तत्त्व दूधवाल्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या दोघांच्याही ओळखीचं आहे: एका भांड्यात दाट, दुसऱ्यात पातळ, दोन्ही एकत्र ओतले तर मिश्रण किती दाट? दाट भांडं म्हणजे सांडपाणी. पातळ भांडं म्हणजे त्या जागेवर पडून जमिनीत मुरणारं पावसाचं पाणी. नॉर्बर्ट हँट्शे आणि जॉन फिनेमोर यांनी १९९२ साली हाच हिशेब एका सुटसुटीत सूत्रात मांडला आणि तो पुढे बराच वापरला गेला. सूत्र शब्दांत असं: वर्षभरात भूजलाला पोचलेला एकूण नायट्रोजन भागिले वर्षभरात भूजलाला पोचलेलं एकूण पाणी.

एक घर घेऊ. चार माणसं, प्रत्येकी रोज १२ ग्रॅम, म्हणजे ४८ ग्रॅम. वर्षाला सुमारे १७.५ किलो. टाकीत आणि मातीत मिळून चौथा हिस्सा अडकला किंवा हवेत गेला असं धरू. भूजलाला पोचला सुमारे १३.१ किलो. पाण्याचा वापर माणशी रोज १०० लिटर, म्हणजे वर्षाला १४६ घनमीटर सांडपाणी. जागा १,००० चौरस मीटर आणि तिच्यावर वर्षाला २०० मिलिमीटर पाणी खोलवर मुरतं, म्हणजे २०० घनमीटर. या मुरणाऱ्या पाण्यातही आधीपासून लिटरमागे एक मिलिग्रॅम नायट्रोजन आहे, असं धरू.

बेरीज करा. नायट्रोजन १३.१४ किलो अधिक ०.२ किलो. पाणी १४६ अधिक २००, म्हणजे ३४६ घनमीटर. भागाकार येतो लिटरमागे सुमारे ३८.६ मिलिग्रॅम. मर्यादेच्या जवळजवळ चौपट.

मग हे घर किती जागेवर असतं तर आकडा १० वर आला असता? उलटा हिशेब केला तर सुमारे १,३०० घनमीटर मुरणारं पाणी लागतं, म्हणजे जवळपास ६,५०० चौरस मीटर, दीड एकराहून थोडी जास्त जागा. चार माणसांसाठी दीड एकर! हा आकडा पहिल्यांदा समोर येतो तेव्हा विश्वास बसत नाही. पण गणितात काही दडवलेलं नाही. माणूस जितका नायट्रोजन टाकतो तितका पातळ करायला तितकंच पाणी लागतं.

इथं एक सापळा आहे आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ पुस्तकांत सेप्टिक टँकमधून निघणाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६० मिलिग्रॅम नायट्रोजन दिलेला असतो. तो आकडा उचलून आपल्या घराच्या पाण्याने गुणावा असा मोह होतो. पण ६० हा आकडा माणशी रोज २०० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी वापरणाऱ्या घरांचा आहे. १०० लिटर वापरणाऱ्या घरातलं सांडपाणी दुप्पट दाट असतं, कारण माणूस तोच आणि पाणी निम्मं. आमच्या उदाहरणात ते १२० मिलिग्रॅम येतं. तिथं ६० धरलं तर अर्धा नायट्रोजन कागदावरून गायब होतो. म्हणून हिशेब नेहमी माणशी ग्रॅमपासून सुरू करावा. पाणी जपून वापरणं ही चांगली सवय आहे, पण तिने नायट्रेटचा एक ग्रॅमही कमी होत नाही.

आणखी एक फेरा विसरला जातो. घर त्याच विहिरीचं पाणी वापरत असेल आणि त्या पाण्यात आधीच १० मिलिग्रॅम असेल, तर वर्षाला सुमारे दीड किलो नायट्रोजन विहिरीतून घरात आणि घरातून पुन्हा जमिनीत असा फिरत राहतो. त्याच्यावर माणसांचा नवा भार पडतच असतो.

हिशेबातल्या कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? माणसांचा नायट्रोजन बऱ्यापैकी पक्का. किती माणसं खरोखर राहतात, बारा महिने की सुट्टीपुरती, हे मात्र विचारून घ्यावं लागतं. मातीतली घट किती हे सांगणं अवघड: कोरड्या भरड वाळूत १० टक्के, ओलसर चिकण मातीत ४० किंवा त्याहून जास्त. पण सर्वांत डळमळीत आकडा मुरणाऱ्या पाण्याचा. पाऊस मोजणं सोपं आहे. त्यातलं वाहून किती गेलं, झाडांनी किती उचललं, उन्हाने किती उडालं, आणि या सगळ्यांतून उरून भूजलापर्यंत किती पोचलं, हे मोजणं फार कठीण. एकाच पावसात दोन शेजारच्या जमिनींत यात दुपटीचा फरक पडू शकतो. ‘नायट्रेटचा अंदाज’ असं आपण म्हणतो, पण चुकतो तो बहुधा पाण्याचा अंदाज.

म्हणून एकच आकडा काढून थांबू नये. एकदा सगळं अनुकूल धरून आणि एकदा सगळं प्रतिकूल धरून तोच हिशेब पुन्हा करावा. अनुकूल म्हणजे घट ४० टक्के आणि ३०० मिलिमीटर पाणी मुरतं. प्रतिकूल म्हणजे घट १० टक्के आणि १०० मिलिमीटरच मुरतं. १,००० चौरस मीटरच्या जागेवर उत्तरं येतात सुमारे २४ आणि सुमारे ६४. अंतर मोठं आहे, पण दोन्ही टोकं मर्यादेच्या कितीतरी वर आहेत. निर्णय घ्यायला आणखी अभ्यास लागत नाही. तीच पद्धत ६,००० चौरस मीटरला लावली तर उत्तरं येतात सुमारे ६ आणि सुमारे २२. आता रेषा मध्ये सापडली. इथं कागदावरचा हिशेब संपतो आणि पाण्याचा नमुना घ्यावा लागतो. अंदाजाचा खरा उपयोग मला इथं दिसतो: खर्चिक तपासणी कुठं करावी आणि कुठं तिची वाट पाहत बसू नये, हे तो सांगतो.

आता या पद्धतीची मोठी मर्यादा. सगळं सांडपाणी आणि सगळं मुरलेलं पाणी एकजीव झालं, असं ती गृहीत धरते. जमिनीखाली तसं होत नाही. भूजल संथ वाहतं, त्यात घुसळण जवळजवळ नसते. शोषखड्ड्यातून उतरलेलं पाणी निमुळत्या लांब पट्ट्यासारखं उताराच्या दिशेने सरकतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात वाळूच्या जमिनीत एका घराच्या सेप्टिक टँकचा असा पट्टा रॉबर्टसन, चेरी आणि सडिकी यांनी अनेक नळ्या रोवून मोजला आणि १९९१ साली प्रसिद्ध केला. तो १०० मीटरपेक्षा लांब होता आणि रुंदी जेमतेम १० मीटरच्या आसपास. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या घराचा पट्टा नदीपर्यंत पोचला होता. तिथं नदीतळाच्या सेंद्रिय गाळातून जाताना शेवटच्या दोनेक मीटरांत नायट्रेट जवळजवळ नाहीसं झालं.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. शोषखड्ड्यापासून १५ मीटरवरची पण बाजूला असलेली विहीर स्वच्छ असू शकते आणि ७० मीटरवरची, नेमक्या उताराच्या दिशेतली, मर्यादेबाहेर असू शकते. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात ठेवायचं ठराविक अंतर मुख्यतः जंतूंसाठी ठरवलेलं असतं. जंतू वाटेत गाळले जातात, मरतात. नायट्रेट ना गाळलं जातं ना मरतं. भूजलाचा उतार नेहमी जमिनीच्या उतारासारखाच असतो असंही नाही, आणि जोराने उपसा करणारी बोअरवेल तो उतार स्वतःकडे वळवून घेते. घरं भूजलाच्या दिशेतच एका रांगेत असतील तर एकाचा पट्टा दुसऱ्याच्या पट्ट्यावर चढतो. घरं दाट असली की पट्टे एकमेकांत मिसळतात, आणि तेव्हा सरासरीचा हिशेब वास्तवाच्या बराच जवळ जातो. म्हणून वस्तीसाठी ही पद्धत मी बिनधास्त वापरेन. एका विहिरीबद्दल ठाम सांगायला नाही वापरणार.

पट्टा किती वेगाने सरकतो तेही काढता येतं. मातीची पारगम्यता (ती पाणी किती सहज वाहू देते) गुणिले भूजलाचा उतार भागिले सच्छिद्रता (मातीतल्या पोकळीचा हिस्सा). दिवसाला १० मीटर पारगम्यता असलेली वाळू, हजार मीटरला ५ मीटर उतार आणि पाव हिस्सा पोकळी धरली तर वेग येतो दिवसाला २० सेंटीमीटर, वर्षाला ७३ मीटर. पारगम्यता दहापट कमी असेल तर वर्षाला जेमतेम ७ मीटर. कठीण खडकात पाणी भेगांतूनच पळतं, तिथं हे गणित लावूच नये. भेग कुठं जाते त्यावर सगळं अवलंबून असतं.

विहिरीत नायट्रेट सापडलं तर ते सेप्टिक टँकचंच, हेही लगेच म्हणता येत नाही. शेतातलं खत आणि गुरांचं शेण-मूत हेही दावेदार आहेत. इथं सोबतीचे पुरावे कामी येतात. सगळ्यांत स्वस्त पुरावा क्लोराइडचा. घरच्या सांडपाण्यात मिठामुळे क्लोराइड भरपूर असतं, तेही नायट्रेटसारखंच पाण्याबरोबर वाहतं, पण जिवाणू त्याला खात नाहीत. शोषखड्ड्यापासून दूर जाताना दोन्ही एकाच प्रमाणात कमी होत असतील तर पाणी फक्त पातळ होत आहे. क्लोराइड तेवढंच आणि नायट्रेट कमी, तर जिवाणू ते खरोखर संपवत आहेत. त्यापुढची पायरी नायट्रोजन-१५ या जड समस्थानिकाची, म्हणजे नायट्रोजनच्याच थोड्या जड अणूची. सांडपाण्यातल्या आणि शेणातल्या नायट्रेटमध्ये ते रासायनिक खतातल्यापेक्षा साधारणपणे जास्त असतं. पण सांडपाणी आणि शेण यांच्यात त्याने फरक करता येत नाही. तो फरक करतात कृत्रिम गोडवा आणणारे सुक्रलोजसारखे पदार्थ. ते माणूस खातो, शरीरातून बरेचसे तसेच बाहेर पडतात आणि गुरांच्या शेणात येण्याचं फारसं कारण नसतं. विहिरीत सुक्रलोज सापडलं तर कुणाच्या तरी घरचं सांडपाणी तिथं पोचलं आहे हे नक्की.

उपायांकडे हिशेबाच्याच नजरेने पाहिलं तर कशात अर्थ आहे ते पटकन कळतं. मोठी टाकी बांधल्याने भागाकारातला नायट्रोजनचा आकडा हलत नाही. शोषखड्डा खोल केला तर माती कमी आणि भूजल जवळ, म्हणजे जंतूंचा धोकाही वाढला. फरक पडतो तो तीन गोष्टींनी. आधी हवा देऊन नायट्रेट करायचं आणि मग लाकडाचा भुसा किंवा चिपाट्या भरलेल्या, हवा नसलेल्या थरातून ते पाणी न्यायचं, म्हणजे नदीतळाच्या गाळात घडतं तेच मुद्दाम घडवायचं. दुसरी, लघवी वेगळी काढायची: सांडपाण्याच्या आकारमानात तिचा वाटा एक टक्क्याच्या आसपास, पण नायट्रोजनमधला सुमारे ८० टक्के. आणि तिसरी, दाट वस्तीत सांडपाणी नळाने गोळा करून एकत्र शुद्ध करणं. पहिल्या उदाहरणातल्या घराने ८० टक्के नायट्रोजन जमिनीत जाऊच दिला नाही, तर त्याच १,००० चौरस मीटरवर उत्तर ३८.६ वरून आठच्या आसपास येतं.

उपाय केल्यावर विहीर कधी सुधारेल, याचं उत्तर त्याच वेगाच्या गणितात आहे. शोषखड्डा उताराच्या वरच्या अंगाला ७० मीटरवर असेल तर भरड वाळूत सुमारे वर्षभर, बारीक मातीत दहा वर्षं. तोवर विहिरीत येणारं पाणी उपायाच्या आधीचंच असेल. त्यामुळे नमुना एकदा घेऊन भागत नाही. दरवर्षी एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर, त्याच विहिरीतून, पंप थोडा वेळ चालू ठेवून मग बाटली भरायची, नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही तपासायचं, आणि अहवालातल्या आकड्यापुढे एकक लिहिलं आहे ना, ते बघून वहीत टिपून ठेवायचं. घरात बाटलीच्या दुधावरचं बाळ असेल तर मात्र पहिला नमुना आजच द्यावा, आणि अहवाल येईपर्यंत त्याच्या दुधासाठी दुसरीकडचं, नायट्रेट तपासलेलं पाणी वापरावं.